पेढा खाल्ला, घर नाही घेतलं

मी गाव सोडलं ते गवताच्या ट्रकमधून. हल्ली आमच्याकडच्या पोरी असलं काही सांगायला लाजतात, म्हणून मीच आधी सांगून टाकते. वाडा तालुक्याच्या अंगाला आमचं गाव, आणि तिथल्या वखारीतून भिवंडीच्या तबेल्यांना गवताच्या गाठी जायच्या. बारावी पास झाले, भिवंडीच्या कॉलेजात नाव लागलं, तेव्हा एस.टी.पेक्षा ओळखीचा ट्रक बरा असं बाबांनी ठरवलं. ड्रायव्हरशेजारी मी, पायाशी तांदळाची गोणी, मांडीवर आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी, आणि मागं डोंगराएवढं गवत. केसांत, कानांत, ओढणीत नुसती कुसळं. आई रडली नाही. "आत्याकडं पानी जपून वापर," एवढंच म्हणाली. बाबा ट्रकच्या दाराला धरून उभे होते. गाडी सुरू झाली तरी हात काढेनात. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "काका, सोडा आता, न्हायतर वर बसा, तुमालाबी नेतो." तेव्हा त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "शिकून ये."

शिकले. परत काही गेले नाही. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही मला लग्नाकार्यात विचारता ना की पोरी तू एवढी शिकलीस, मग अजून मोठं घर कसं नाही घेतलंस, त्याचं उत्तर आज सवडीनं देते. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हा प्रश्न माझ्याहून जास्त वेळा विचारला गेला असेल.

भिवंडीलगत शेलार गावात आत्याचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. कॉलेजची सगळी वर्षं माझी त्या पडवीत गेली. भिंतीपलीकडं लूमचा कारखाना. खटखट, खटखट, रात्रंदिवस. सुरुवातीला डोळ्याला डोळा लागेना, आणि पुढं पुढं उलटं झालं: लाईट जाऊन लूम थांबले की मी दचकून उठायची. गावाकडं पहाटे कोंबडा, इथं पाळी सुटल्याचा गलका. पण त्या पडवीत मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात, भावकीत, वरच्या आळीत नि खालच्या आळीत पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझा. हे मी मोठ्यानं सांगते. मला ते फुकट मिळालेलं नाही, मग हळू आवाजात का सांगू?

मग राहनाळला गोडाऊनमध्ये नोकरी. डिस्पॅचच्या ऑफिसात. गाडी लागली का, माल भरला का, बिल निघालं का, हे बघायचं. ड्रायव्हरशी हिंदी, साहेबाला इंग्रजी मेल, आणि हमालांशी जी भाषा ज्याला कळेल ती. तिथंच संदेश भेटला. मुरबाडकडचा, आमच्यासारखाच भातशेतीतून आलेला, येणारा माल उतरवून घेण्याची ड्युटी त्याची. लग्न झालं आणि आम्ही राहनाळलाच भाड्याची खोली घेतली. मालकाच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं होतं आणि उरलेल्या तुकड्यावर त्यानं ओळीनं खोल्या काढल्या होत्या. आमची शेवटून दुसरी. आत ओटा, मोरी, वर माळा. एका वेळी एकजण स्वयंपाक करणार, दुसरा दारात बसून कांदा चिरणार, अशी व्यवस्था. पण फरशी अशी लख्ख ठेवायचे मी की गोडाऊनची धूळ उंबऱ्याशी येऊन वळायची. कामावर चालत जायचं, दुपारी जेवायला चालत घरी यायचं. त्या दिवसांत आपल्याला काही कमी आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं, जोवर दुसऱ्यांनी सांगितलं नाही.

सांगणारे पुष्कळ. दर अकरा महिन्यांनी खोलीचा करार संपायचा आणि नव्यानं करताना मालक भाडं वाढवायचा. तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "किती दिवस दुसऱ्याचं घर पुसत बसणार?" ते खरंच होतं. आपलं घर असावं हे आम्हालाही वाटतच होतं. म्हणून पाडव्याच्या दिवशी आम्ही ठाण्याकडं जाणाऱ्या हायवेला एका मोठ्या टॉवरचा फ्लॅट बघायला गेलो. बाबा त्याच आठवड्यात डोळे दाखवायला आमच्याकडं आले होते. म्हटलं, चला तुम्हीपण.

बाबांनी टॉवरच्या एसी ऑफिसच्या बाहेर चपला काढल्या. वॉचमननं "अंदर ले जाइए, चलता है" म्हटलं तरी ऐकेनात. आत काचेच्या टेबलावर खेळण्यातल्यासारख्या बिल्डिंगा, त्यांत इवले दिवे, प्लॅस्टिकची झाडं. टाय लावलेला सेल्सवाला आला. सणाचा दिवस, म्हणून त्यानं बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, पेढ्याचा बॉक्स पुढं केला आणि म्हणाला, "अंकल, मुँह मीठा कीजिए। समझिए घर आपका हो गया।"

बाबांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. पेढा खाल्ला. माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांना तसं बघताना कधी पाहिलंच नव्हतं.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं कुंकू लागलं, नारळ घेतला आणि गोड खाल्लं की बोलणी संपली. लग्नाची असोत, बैलाची असोत, नाहीतर शेताच्या बांधाची. कागद पुढं झाला तर झाला, शब्द झालेला असतो. तो मोडायचा तर नारळ परत नेऊन द्यावा लागतो, आणि नारळ परत नेणाऱ्याला गाव विसरत नाही. आमच्या वरच्या आळीत एकाच्या आजोबांनी म्हशीचा नारळ परत नेला होता. नातवाला अजून ऐकवतात.

आम्ही मात्र नारळाकडं लक्षच दिलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी गावी गेले आणि इकडं आम्ही दोघं हिशेबाला बसलो. हिशेब लांबलचक नव्हता. हप्ता माझ्या पगारात बसत नव्हता, संदेशच्या पगारात बसत नव्हता. दोघांचे पगार एकत्र केले तर बसत होता, पण मग दुसरं काहीच बसत नव्हतं. गावाला जाणं नाही, आईचे गुडघे नाहीत, बाबांचे डोळे नाहीत, उद्या मूल झालं तर मी एक महिनासुद्धा घरी बसायचं नाही. संदेश म्हणाला, "घेऊ शकतो गं आपण. मग आत बसून नुसतं भिंतींकडं बघू." कर्ज द्यायला तयार होते लोक. पण लोक द्यायला तयार आहेत म्हणून आपण घ्यायला उठावं, असं आमच्या घरात कुणी केलेलं नाही. सण आला म्हणून आई कणगीत कधी कोपरापर्यंत हात घालत नसे. पुढचं भात येईस्तोवर हेच पुरवायचं असतं, हे तिच्या हाताला ठाऊक असायचं. माझ्याही हाताला ते आलेलं आहे. आम्ही ठरवलं, नाही घ्यायचा.

आणि तेवढ्यात तात्यांचा फोन. तात्या म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. गावातली प्रत्येक बातमी त्यांच्या ओटीवरून पुढं जाते.

"वने, ठाण्याला घर घेतलंस आन आमाला पेढा बी न्हाय?"

"कुठलं घर, तात्या?"

"आता लपवतेस कशाला? महादूनं नारळ देवात ठेवलाय. आख्ख्या गावाला साखर वाटलीन. तुझा बाप आता जमिनीवरनं चालत न्हाय बाय, इतभर वरनंच चालतो."

मी लगेच बाबांना फोन लावला. आडवळण मला जमत नाही.

"बाबा, आपण तो फ्लॅट घेत नाही."

पलीकडं त्यांनी आधी कोंबड्यांना हाकललं.

"घेत न्हाय म्हंजी? नारळ घेतलाय की आपन."

"तो सगळ्यांना देतात, बाबा. बघायला येईल त्याला देतात."

"नारळ? सगळ्यांना? सगळ्यांना कोन कुंकू लावतो, वने?"

मी हप्त्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी बोलून बसलोय. पुढल्या रविवारी जीप सांगितलीय. तात्या येतोय, काकू येतेय, सगळी घर बघायला येतायत. आता मी कुनाला काय तोंड दावू?"

घर न घेणं मला सोपं होतं. अवघड होती ती बाबांची मान. ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडून उसनं मीठ आणलं नाही, तो माझ्यापायी गावात खोटा पडणार होता. त्या संध्याकाळी संदेश म्हणाला, "बाबांसाठी घेऊ या का? मी डबल ड्युटी करीन." तो हे मनापासून म्हणाला, म्हणून मी जास्त घाबरले. एका नारळासाठी हा माणूस म्हातारा होईपर्यंत डबल ड्युटी करणार, आणि बाबांना ते कधी कळणारही नाही. मी पुन्हा फोन लावला. म्हटलं, "बाबा, रविवारी याच. सगळ्यांना घेऊन या. काय सांगायचं ते मी सांगीन, तुम्ही काही बोलू नका." त्यांनी लगेच फोन ठेवला.

रविवारी आम्ही दोघं टॉवरच्या ऑफिसपाशी वाट बघत होतो, जीप थेट तिथंच येऊन थांबली. बाबांनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, हे लोकांच्या कपड्यांवरूनच कळलं. काकूंनी म्हणजे तात्यांच्या बायकोनं लग्नातला शालू नेसला होता आणि नव्या घरासाठी कोरं सूप नि मिठाची पुडी आणली होती. आई माझ्याकडं बघत नव्हती. बाबा सर्वांत शेवटी उतरले, काखेत कापडी पिशवी धरून. मी काही बोलायच्या आत सेल्सवाल्यानं "आइए, आइए, पूरी फॅमिली!" म्हणत सगळ्यांना सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं.

तिथं जे झालं ते तात्या अजून रंगवून सांगतात, पण मी तिथं होते, मला रंगवायची गरज नाही. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन पहिल्यांदा नळ सोडला. पाणी नाही. "टँकर येतो काय ग इथं?" त्यांनी मला विचारलं. मग कपाट उघडायला गेल्या तर ते उघडेना, कारण ते नुसतं भिंतीला चिकटवलेलं दार होतं. तात्या बेडरूममध्ये जाऊन पलंगावर आडवे झाले. पाय गुडघ्यापासून बाहेर. सॅम्पल फ्लॅटमधले पलंग मुद्दाम आखूड करतात, खोली मोठी दिसावी म्हणून; हे मला त्या दिवशी कळलं. तात्या आडवे पडूनच ओरडले, "आरं महादू, हितं मानूस झोपायचा का बकरू?"

सेल्सवाला हसत म्हणाला, "अंकल, ये सिर्फ दिखाने का है।"

"दिखाने का? मग राहनेका किधर है?"

त्यानं काचेतून बाहेर बोट केलं. बाहेर एक भलामोठा खड्डा, त्यात सळ्या, बाजूला क्रेन. "वो सामने, अंकल। बाईसवाँ माला।"

सगळा गोतावळा काचेशी गोळा झाला. सगळ्यांच्या माना खड्ड्यापासून वर वर गेल्या. तिथं काहीच नव्हतं. नुसतं आभाळ. तात्यांनी कपाळावर हात धरून नीट बघितलं. "कुठं? तो कावला चाललाय तितं?"

सगळे हसले. काकू पदरात तोंड घालून हसल्या. मग तात्या वळून म्हणाले, "महादू, आभालात घर घेतलंस की रं! शिडी कुनाची आननार?" थट्टाच होती ती, वाईट मनानं नव्हती. पण बाबांची मान खाली गेली. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "तात्या, बाबांनी घर घेतलेलं नाही. मीही घेतलेलं नाही. आणि आम्ही हे घेणार नाही. आमच्या दोघांच्या कमाईत हे बसत नाही. कर्ज काढून बसवलं तर आम्ही त्यात बसणार नाही. बाबांना इथल्या लोकांनी नारळ दिला, गोड बोलले, त्यांनी तो आपल्या रीतीनं घेतला. त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही."

बाबा पुढं आले. काखेतली पिशवी सोडली आणि तिच्यातून नारळ काढला. देवातला, हळदकुंकू लावलेला. मी फोन केल्यापासून त्यांनी तो पिशवीत घालून ठेवला होता, हे आईनं मला नंतर सांगितलं. त्यांनी तो सेल्सवाल्याच्या दोन्ही हातांत दिला आणि मराठीतच म्हणाले, "साहेब, ह्यो तुमचा नारळ. आमची बोलनी मोडली. तुमचा काय दोष न्हाय. आमची ऐपत न्हाय."

"अरे अंकल, ये तो गिफ्ट है, आप रखिए।"

"न्हाय न्हाय. मोडलं की परत द्यायचा असतो."

ऐपत नाही हे शब्द लोक कसे म्हणतात तुम्ही ऐकलंच असेल. जमिनीकडं बघत, नाहीतर हसण्यावारी नेत. बाबांनी ते सगळ्या भावकीसमोर, ताठ उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हटले. माझ्या पदवीच्या दिवशीसुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता. तो टायवाला बिचारा नारळ धरून उभा राहिला, आणि कुठं ठेवायचा हे न सुचून त्यानं तो टेबलावरच्या खेळण्यातल्या बिल्डिंगांमध्ये ठेवला. बाहेर पडताना संदेश माझ्या कानात म्हणाला, "बिल्डरला नारळ देणारा पहिला माणूस माझा सासरा." मी त्याला कोपर मारलं, पण हसू मलाही आवरेना.

"चला आता जेवायला घरी," मी सगळ्यांना म्हटलं.

"घरी म्हंजी?" काकू गोंधळल्या.

"घरी म्हणजे राहनाळला."

आमच्या खोलीत आमच्यापुरतीच भांडी. जीप दारात थांबली तशी शेजारच्या रुखसाना भाभी बाहेर आल्या. त्यांचे मिस्टर सलीमभाई लूमवर आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले. भाभींनी माणसं बघितली आणि विचारलंसुद्धा नाही. ताटं आणली, चटया आणल्या, "वनिता, पानी मैं भरती हूँ, तू रोटी देख." मी सकाळीच वालाचं बिरडं करून ठेवलं होतं. भाकऱ्यांना आई बसली. पुरुष चटईवर ओळीनं, आम्ही बायका दारापासून पायरीपर्यंत, तात्यांचं ताट तर निम्मं शेजारच्या हद्दीत. काकूंनी नळ सोडून बघितला. पाणी आलं. "ह्या नलाला येतंय ग," त्या जोरात म्हणाल्या आणि पुन्हा सगळे हसले. या वेळी बाबाही.

जेवण झाल्यावर बाबा भिंतीला टेकून बसले आणि आपण होऊन बोलायला लागले. बाबा असे बोलत नाहीत. तरुणपणी एक साल ते भिवंडीला लूमवर आले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईलाही फार नव्हतं कळलेलं. "एक खोली," ते म्हणाले, "आन दोन पाळ्यांची मानसं. मी कामाला उठलो की माज्याच जागेवर दुसरा यून झोपायचा. मी परत यायचो तर तो उठायचा. चादर गार व्हायला सवड न्हाय. त्याचं नाव बी मला म्हाईत नव्हतं, पन त्याच्या घामाचा वास म्हाईत व्हता. पुढल्या पावसाला घरी पलालो तो परत आलो न्हाय. म्हनून म्हनलं, पोरगी ह्याच गावात आलीय तर तिला तरी मोठं घर पायजे. मला वाटलं, तिनं घेतलं की माजे ते दिवस फिटतील."

आई आवरायला घेतलेली परात तशीच मांडीवर धरून ऐकत होती.

मी म्हटलं, "बाबा, फिटले की. इथं आम्ही सगळे एकाच वेळी झोपतो."

आधी तात्यांनाच हसू फुटलं, मग बाबांना. डोळे पुसत पुसत हसत राहिले ते. सलीमभाई ताटं न्यायला आले होते, ते उंबऱ्यातच थांबले आणि म्हणाले, "चाचा, कौन से कारखाने में थे?" झालं. मग लूमच्या गोष्टी निघाल्या, कुठला शेट, कुठली गल्ली, सुताचा बारीक कीस कसा नाकात जातो. जीपवाला हॉर्न मारून दमला.

आता कुणी म्हणेल, झालं, खोलीतच समाधान मानून बसली. तसं नाही. घर घ्यायचं हे आम्ही सोडलंच नव्हतं; आपल्याला पेलेल ते घ्यायचं एवढंच ठरवलं होतं. आम्ही पैसे बाजूला टाकत गेलो. दोघांची मोटारसायकल एकच ठेवली, हप्त्यावरचा टीव्ही घेतला नाही, बाबांच्या डोळ्यांचं मात्र लगेच केलं. आणि मग खारबावला घर घेतलं. साधी दोन मजल्यांची जुनी बिल्डिंग, आमचा पहिला मजला. लिफ्ट नाही, बाग नाही, गेटवर वॉचमन नाही. खोली आणि स्वयंपाकघर, आणि एक खिडकी अशी की खाडीकडचा वारा आला की कॅलेंडर फडफडतं. स्टेशन जवळ आहे, गाड्या कमी येतात. सकाळी एकाच मोटारसायकलवरून आम्ही राहनाळला कामाला येतो. जुनी मंडळी रस्त्यात दिसतात, रुखसाना भाभी हात करतात. कर्ज आहे आमच्यावर, नाही असं नाही. पण त्याचा हप्ता गेल्यावरही महिना शिल्लक राहतो, आणि त्या शिल्लक महिन्यात आम्ही जगतो. आई गुडघ्यांचं औषध घेते. पोरगी झाली तेव्हा मी सहा महिने घरी बसले, कुणाला विचारलं नाही.

सगळंच गोड आहे असंही सांगणार नाही. गावचं घर या सगळ्या घरांहून मोठं आहे. ओटी, माजघर, मागं परसू, पावसाळ्यात वलणीवर वाळणारे कपडेच आमच्या खोलीएवढ्या जागेत असतात. आणि तिथं आता दोनच माणसं. कधी कधी वाटतं, जागा एकीकडं राहिली आणि माणसं दुसरीकडं गेली. पूर्वी मी ऑफिसात रजा मागताना "घरी जायचंय" म्हणायची. आता "गावी जायचंय" म्हणते. हे कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. आईनं मात्र ते ओळखलं होतं. एकदा निघताना ती म्हणाली, "पोचलीस की फोन कर, तुज्या घरी." तुज्या या शब्दावर तिचा आवाज जरासा अडला. मी बसमध्ये बसून थोडी रडले आणि खारबावला पोचल्यावर फोन केला, "आई, घरी आले." खोटं बोलले नाही.

आता गावाकडच्या पोरी मला फोन करतात. "ताई, भिवंडीत रूम मिळंल का? ताई, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये बघू का?" मी त्यांना सांगते, बघा, खुशाल बघा, चकचकीत फरशीवर चालून या, पेढाही खा. पण घर घेताना आपल्या कमाईचं अंग मोजून घ्या. कपडा मोठा घेतला तर चालताना पायात येतो. लहान घराची लाज वाटत असेल तर मला बोलवा, मी येऊन तुमच्या दारात बसते, भावकीला मीच सांगते.

आणि बाबा? त्यांना गावात अजून लोक खोचकपणे विचारतातच, "काय महादू, पोरीचं घर कुठं घेतलं म्हनालास?" मागच्या वेळी मी गावी होते तेव्हा माझ्यासमोर कुणीतरी विचारलं. बाबा ओटीवर दोरी वळत होते. त्यांनी दोरी सोडली नाही, आवाज चढवला नाही. फक्त मान वर केली.

"खारबावला," ते म्हणाले. "लहान हाय. बघायचं तर या कवाबी. उभं हाय."